व्हिएन्नाची लागर, ब्रुकलिनच्या बाटलीत

१९८८ साली न्यूयॉर्कच्या बाजारात ‘ब्रुकलिन लागर’ ही बिअर आली. तिच्याबद्दल जाणकारांकडून एक आक्षेप घेतला जातो, तो असा की नाव व्हिएन्नाच्या परंपरेचे, पण हॉप्सच्या फुलांचा एवढा वास जुन्या व्हिएन्नातल्या लागरला नव्हता. माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) तिकडच्या वळणाचे, थंडीत मुरवण्याची रीतही तिकडची, वास मात्र अमेरिकेतला. तपशील म्हणून हे खरे आहे. त्यावरून ब्रुकलिनने परंपरा मोडली असा जो निकाल दिला जातो, तो मात्र पावणेदोनशे वर्षांचा हिशेब मांडला की टिकत नाही. ही बिअर परक्या भट्ट्यांमधले ज्ञान उचलूनच घडली होती आणि जन्मगावात ती संपली तेव्हा परक्या हातांनीच तिला जगवले. ब्रुकलिनने घातलेली भर याच इतिहासाला धरून आहे, असे मला ठामपणे वाटते.

सुरुवात १८३३ची. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंटोन ड्रेहर हे दोन तरुण ब्रिटनमधल्या ब्रुअऱ्या पाहायला गेले. ब्रिटिश कारखाने त्या काळी तंत्रात खूप पुढे होते आणि आपली गुपिते सांभाळूनही होते. म्हणून या दोघांनी आतून पोकळ, झडप बसवलेली हातकाठी जवळ ठेवली, यजमानांची नजर चुकवून आंबत्या बिअरचे नमुने तिच्यात भरले आणि मुक्कामावर जाऊन त्यांची घनता मोजली. घरी परतल्यावर ड्रेहरने दोन वेगळ्या मुलखांतल्या रीती एकत्र आणल्या. मोड आलेले जव गरम हवेवर बेताने वाळवण्याची रीत इंग्रजांची. त्यातून ना फार गडद ना फार फिकट असे माल्ट मिळाले, ज्याला आज जगभर व्हिएन्ना माल्ट म्हणतात. तळाशी बसणाऱ्या यीस्टने सावकाश आंबवून बिअर थंड तळघरात मुरवण्याची रीत बव्हेरियाची. १८४१ मध्ये या मेळातून तांबूस-सोनेरी, स्वच्छ आणि भाजल्या जवाचा हलका गोडवा असलेली लागर तयार झाली. व्हिएन्नाची म्हणून जी ओळखली जाते, तिच्यात खास व्हिएन्नाचे असे होते ते हे जुळवणे. दुसऱ्याच वर्षी पिल्सेनमध्ये योझेफ ग्रोलने बनवलेल्या फिकट पिवळ्या बिअरमागेही इंग्रजी पद्धतीने वाळवलेले माल्टच होते, हे इथेच नोंदवून ठेवायला हवे.

ड्रेहरची बिअर लवकरच ऑस्ट्रियन साम्राज्यभर पसरली. त्याने बोहेमियात आणि बुडापेस्टजवळ कारखाने घेतले, मुलाने १८६९ मध्ये त्रिएस्तेचा कारखाना घेतला. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात ती बर्फ भरलेल्या रेल्वेच्या डब्यांतून पोचवली गेली. तरीही शतक संपेपर्यंत पिल्सेनच्या फिकट लागरने बाजार जिंकला. आपल्याकडे आज बिअर म्हटले की डोळ्यांपुढे येते ती पिवळी, थंडगार लागर त्याच विजयाची वारस. व्हिएन्नाची तांबूस लागर विसाव्या शतकात तिच्या जन्मगावातूनही जवळजवळ नाहीशी झाली. मेक्सिकोत तिची सावली उरली. ऑस्ट्रियन राजघराण्यातल्या सम्राट माक्सिमिलियानने ती तिकडे नेली, ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. पण त्याची सत्ता १८६४ ते १८६७ एवढीच होती आणि मेक्सिकोतला मोठ्या प्रमाणावरचा लागरधंदा त्यानंतर, सांतियागो ग्राफसारख्या स्थलांतरित उद्योजकांनी उभा केला. ‘नेग्रा मोदेलो’ किंवा तांबूस ‘दोस एकिस’ या मेक्सिकन बिअरांना व्हिएन्नाशी जोडताना म्हणूनच राजवाड्याकडे पाहण्यापेक्षा कारखान्याकडे पाहावे.

ब्रुकलिनचे महत्त्व कळायला तिथली आधीची अवस्था लक्षात घ्यावी लागते. एके काळी जर्मन वस्तीच्या आणि ब्रुअऱ्यांच्या या भागात शेफर आणि राइनगोल्ड हे शेवटचे मोठे कारखाने १९७६ मध्ये बंद पडले. देशभर तांदूळ-मका घातलेल्या फिक्या लागरचेच राज्य होते. तिच्यावर चिडलेल्या बहुतेक नव्या छोट्या ब्रुअऱ्या एल या दुसऱ्या प्रकारच्या बिअरकडे वळल्या. त्याचे एक कारण साधे होते. एल लवकर तयार होते, लागर मात्र आठवडेच्या आठवडे थंड टाक्या अडवून बसते आणि नव्या धंद्याला ते परवडत नाही. स्टीव्ह हिंडी हा माजी पत्रकार आणि टॉम पॉटर हा बँकेतला अधिकारी यांनी तरीही लागरच निवडली. पाककृतीसाठी त्यांनी गाठले विल्यम मोलरला. हा चौथ्या पिढीचा ब्रुमास्टर, आजोबांनी ब्रुकलिनमध्ये बिअर केलेली, आणि त्यांच्या जुन्या टिपणांचा त्याने आधार घेतला. तांदूळ नाही, मका नाही, निव्वळ माल्ट. शिवाय बिअर मुरत असताना तिच्यात कोरडे हॉप्स टाकायचे. ही शेवटची युक्ती मूळची इंग्रजी एलची, आणि आक्षेप आहे तो नेमका हिच्यावर. पण ब्रिटनमधून माल्टची रीत उचलणे ड्रेहरला शोभले, तर हॉप्सची रीत उचलणे मोलरला का शोभू नये?

मग वाटेल ते करून त्याला व्हिएन्ना म्हणायचे का, असा पुढचा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. संगीतातल्या किराणा घराण्याचे नाव उत्तरेतल्या कैराना गावाचे, पण अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि ती गायकी महाराष्ट्र-कर्नाटकात फुलली. तिला किराणा म्हणताना कोणी गावाचा दाखला मागत नाही, सूर लावण्याची पद्धत पाहतो. इथेही मर्यादा पद्धतीची आहे: चवीचा कणा माल्टचा हवा, आंबवणे थंडीतले आणि तळाच्या यीस्टचे हवे, मुरवायला पुरेसा वेळ दिलेला हवा. हॉप्सचा वास माल्टला झाकू लागला तर नाव सोडावे. ब्रुकलिन लागरमध्ये तो माल्टवर चढत नाही. ती सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये नव्हे, युटिका गावी दुसऱ्याच्या कारखान्यात बनत होती, हा आरोप तर ड्रेहर घराण्याच्या बुडापेस्ट-त्रिएस्तेकडे पाहिले की निकालात निघतो.

२०१६ मध्ये, १७५ वर्षे पुरी झाली म्हणून, श्वेखाटच्या ब्रुअरीने पुन्हा व्हिएन्ना लागर बाजारात आणली. हे श्रेय ब्रुकलिनला देता येणार नाही. तितका पुरावा नाही, आणि बॉस्टन, क्लीव्हलंडच्या ब्रुअऱ्यांनीही माल्टवर उभी असलेली तांबूस लागर ब्रुकलिनच्याच काळात पिणाऱ्यांपुढे ठेवली होती. पण व्हिएन्ना माल्ट विकत घेणारे आणि या लागरची चव ओळखणारे लोक दूरदेशी टिकून होते, म्हणून जन्मगावाला ती परत आणणे सोपे गेले, एवढे म्हणता येते. त्याच २०१६ मध्ये जपानच्या किरिन कंपनीने ब्रुकलिन ब्रुअरीत हिस्सा घेतला. मालकीत वाटेकरी आला म्हणून बिअर बिघडते असे नाही. ड्रेहरचा कारभारही काही लहान नव्हता. उद्या खर्च वाचवण्यासाठी थंड टाकीतले आठवडे कापले किंवा माल्टमध्ये हात आखडला, तर मात्र आज हॉप्सवर घेतलेला आक्षेप योग्य जागी घेता येईल, आणि तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांत मीही असेन.