टाकळीचे भुंगेरे

नागपूरकरांना हिस्लॉप ठाऊक असतात ते कॉलेजमुळे. मला मात्र ते कैक वर्षं खुणावत आले ते 'लोमॅटस हिस्लोपी' या भुंगेऱ्यामुळे. १८६० साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात हिस्लॉप यांचा नागपूरकडच्या जीवाश्मांवरचा लांबलचक लेख आला. त्याला जोडून अँड्र्यू मरे यांचं चारेक पानांचं टिपण आहे, जीवाश्म कीटकांवरचं. माझ्या लेखी मूळ लेखापेक्षा त्या टिपणाचं मोल जास्त.

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर टाकळी भागातल्या लाव्हाच्या थरांमध्ये दबलेला तळ्याचा गाळ त्यांनी फोडून पाहिला. त्यात शंख, बिया, फळं आणि भुंगेऱ्यांचे कडक पुढचे पंख निघाले. वय त्यांनी तृतीयक युगातलं धरलं होतं. आज ते साधारण साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉर संपले त्या सुमाराचं मानतात.

मरे मूळचे एडिंबरोचे वकील. पश्चिम आफ्रिकेतल्या ओल्ड कॅलाबारहून मिशनऱ्यांनी पाठवलेल्या भुंगेऱ्यांची यादी त्यांनी १८५७ पासून छापायला घेतली होती. नागपूरचे पंख त्यांच्या हाती गेले, हे आपलं भाग्यच. एकाला त्यांनी हिस्लॉप यांचं नाव दिलं, दुसऱ्याला हंटर यांचं: 'मेरिस्टोस हंटेरी'. 'लोमॅटस'ची गणना लाकूड पोखरणाऱ्या, चकचकीत ब्युप्रेस्टिडी कुळात होते.

माझी शंका इथेच सुरू होते. जिवंत भुंगेऱ्याचा गोतावळा ओळखायचा तर त्याला उताणा करावा लागतो. मागच्या पायांची रुंद मुळं पोटाच्या पहिल्या पट्टीला आरपार छेदत असतील, तर तो भू-भुंगेरे आणि पाणभुंगेरे यांच्या भाऊबंदांपैकी. पट्टी अखंड असेल तर दुसऱ्या कुणाचा. सुट्या पंखाला पोटच नाही! मग उरतो पंखाचा घाट, त्यावरच्या रेघा आणि टोचे. असे पंख वेगवेगळ्या कुळांत एकसारखे निघू शकतात. म्हणून मरे यांची नावं मी मानतो, कुळाचा निवाडा मात्र अंदाज म्हणूनच धरतो.

त्यांची खरी झेप १८७० सालची. जगातल्या भुंगेऱ्यांच्या प्रसाराचे त्यांनी तीन मोठे वंशप्रवाह मांडले आणि त्यातल्या एकाला 'भारत-आफ्रिकी' म्हटलं. वेगेनर यांचा खंडवहनाचा सिद्धान्त यायला अजून ४२ वर्षं होती. या भारत-आफ्रिकी नात्याचा चालता-बोलता पुरावा विदर्भात पावसाळ्यात दिसतो: अँथिया सेक्सगुटाटा. काळाकुळकुळीत, मोठा भू-भुंगेरा, छातीवर दोन आणि पंखांवर चार पांढरे ठिपके. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ मध्येच त्याला नाव दिलं. डिवचला तर झोंबणारं आम्ल फवारतो, डोळ्यांत गेलं तर आगआग होते. त्याला उडता येत नाही आणि त्याची बहुतेक भावंडं आफ्रिकेत. भारत आफ्रिकेपासून तुटला तो टाकळीच्या तळ्याच्याही फार आधी. त्यामुळे खंड फुटताना हा इकडे राहून गेला, असं मला वाटत नाही. हा अरबस्तानाच्या वाटेनं पायी आला असावा.

टाकळी आज शहराच्या पोटात आहे. तरी १९८४ मध्ये गाये, राज आणि राणा या संशोधकांनी तिथल्या गिट्टी खदानच्या थरांतून मासे आणि बेडूक-सरड्यांच्या वर्गांतल्या प्राण्यांचे जीवाश्म उजेडात आणले. म्हणजे थर संपलेले नाहीत. तिकडे इमारतीच्या पायाचं खोदकाम निघालं की हा गाळ ट्रकमध्ये भरून टाकून देण्याआधी चाळला गेला पाहिजे. पंखाला चिकटलेली पोटाची पहिली पट्टी सापडली, तरी मरे यांनी ठरवलेलं कुळ निदान शक्य आहे की नाही ते कळेल.