सूत्रकृमी मागे का सरतो?

मातीत वळवळणाऱ्या किड्यास काडीने डिवचले की तो मागे सरतो, हे कोणाही शेतकऱ्याने पाहिलेले असते. तो मागेच का सरतो, याचा उलगडा शास्त्रज्ञांनी एका अगदी क्षुद्र जिवात शोधला.

हा जीव म्हणजे सुमारे १ मिलिमीटर लांबीचा एक सूत्रकृमी होय. वांगी, टोमॅटो, भेंडी यांच्या मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी तो हा नव्हे. हा कुजक्या पाल्यातील जिवाणूंवर जगतो. त्याच्या उभयलिंगी प्रकारात मज्जापेशी अवघ्या ३०२ असतात. केंब्रिज येथे सिडनी ब्रेनर यांच्या पुढाकाराने या कृमीचे अतिशय पातळ काप घेण्यात आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्यांची छायाचित्रे काढून कोणती पेशी कोणत्या पेशीस जोडलेली आहे, हे एकेक धागा धरून शोधण्यात आले. गुंतलेल्या सुताची लड ज्याने सोडविली असेल, त्यासच या कामाची थोडी कल्पना यावी! संपूर्ण नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

तत्पूर्वीच, १९८५ मध्ये, या माहितीच्या आधारे मार्टिन चाल्फी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पर्शाचा मार्ग उलगडून दाखविला. भुवईच्या केसाने कृमीस डोक्याकडे हळूच स्पर्श केला असता तो मागे सरतो. शेपटीकडे केला असता पुढे जातो. असा स्पर्श ओळखणाऱ्या पेशी केवळ ६ आहेत. पुढील पेशींचे धागे मागे सरण्याचा हुकूम देणाऱ्या पेशींशी, तर शेपटीकडील पेशींचे धागे पुढे जाण्याचा हुकूम देणाऱ्या पेशींशी जुळलेले आढळले. लेसर किरणाने नेमक्या पेशी नष्ट करताच तो प्रतिसादही नाहीसा झाला.

२०२४ मध्ये कुजक्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटाच्या मादीच्या मेंदूचा नकाशा पुरा झाला. (आंब्यात अळी पाडणारी फळमाशी ती निराळी.) त्यात १,३९,२५५ मज्जापेशी व ५ कोटींहून अधिक सांधे आहेत. गोड चव लागताच कोणत्या पेशी जाग्या होऊन सोंड बाहेर पडेल, याचे त्यावरून संगणकाने केलेले भाकीत प्रयोगात बहुतांशी खरे ठरले. मात्र नकाशात केवळ वाटा दिसतात. भुकेले चिलट फिकट गोडीलाही सोंड काढते, पोट भरलेले काढीत नाही. वाट तीच असते.

ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके याच सांध्यांवर आघात करतात. किडीचा सांधा कोणता व मधमाशीचा कोणता, हा भेद ती करीत नाहीत. पीक फुलोऱ्यात असता ती फवारू नयेत, असे सांगण्यात येते ते याचसाठी.