सहा सोमवार

सकाळी ८.००
सोलापुरातल्या एका रुग्णालयाचा डे-केअर विभाग. सिस्टर आल्या आल्या फ्रिज उघडतात. तापमान ४ अंश. वहीत नोंद, सही. आत बीसीजीच्या कुप्या, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या. तान्ह्या बाळाच्या दंडात क्षयाविरुद्ध टोचतात तीच लस. इथे मात्रा कितीतरी मोठी आणि जागा मूत्राशय.

८.४०
पहिले मामा येतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग चालवतात. आज खाडा. विडी घरकुलातून शेअर रिक्षानं आले, मामी सोबत. लघवीतून पहिल्यांदा रक्त गेलं तेव्हा दुखलं नाही, म्हणून गप्प बसले. पुन्हा गेलं तेव्हा दुर्बिणीतून मूत्राशयातली कर्करोगाची गाठ खरवडून काढली. ती स्नायूत उतरली नव्हती, म्हणून हा उपचार जमतोय.

"मामा, सकाळधरनं पाणी प्यायलाव का?"
"न्हाय ओ. चासुद्धा न्हाय."
"ताप? लघवीत रक्त?"
"न्हाय."
ताप किंवा रक्त असतं, तर आजचा डोस पुढे ढकलला असता.

९.१५
गाऊन, मास्क, हातमोजे. कुपीतली भुकटी सलाइनमध्ये मिसळायची, एकूण ५० मिली. जंतू जिवंत आहेत. कुपी अलगद फिरवायची, फेस नको. जेली, बारीक कॅथेटर. आधी मूत्राशय रिकामं करायचं. मग औषध नुसत्या उतारानं आत जाऊ द्यायचं. जोर लावून जखम झाली तर जंतू रक्तात शिरतात.

९.३०
आता दोन तास लघवी धरून ठेवायची. दर १५ मिनिटांनी कूस बदलायची. पाठ, डावी कूस, पोट, उजवी कूस. सिस्टर घड्याळ बघून सांगतात.

आत जंतू अस्तराला चिकटतात. पेशी त्यांना गिळतात आणि प्रथिनं सोडतात: इंटरल्युकिन, इंटरफेरॉन गॅमा, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. त्या हाकेला पांढऱ्या पेशी धावून येतात. जंतूंबरोबर कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशीही मारतात.

१०.३०
अशी प्रथिनं बनवून शिरेतूनही देतात. इंटरल्युकिन-२ ला अमेरिकेत १९९२ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. पण मोठ्या मात्रेत ते अंगभर पसरलं की रक्तदाब कोसळतो. इथे मामांच्याच पेशी ती बनवतात, हवी तिथेच. कॅनडात अल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ साली हा उपाय मांडला. आठवड्याला एक, असे सहा डोस, कारण त्यांना लस सहा कुप्यांच्या खोक्यात मिळायची. आकडा आजही तोच आहे.

११.३०
"चला मामा, बसूनच करायची." शिंतोडे उडता कामा नयेत. वर ब्लीच ओतायचं, १५ मिनिटांनी पाणी. घरीही सहा तास हेच. मामी ब्लीचची किंमत विचारून घेतात.

१२.१५
बाकावर हिशेब. रिक्षाचे जाऊन-येऊन ८० रुपये, चहा-नाश्ता ४०, मामांची हजेरी बुडाली. डोसचे पैसे वेगळे. मामी विड्या वळतात, मजुरी हजारावर. सूप सकाळपासून घरी पडून आहे. "आज रातच्याला बसावं लागंल." मूत्राशयाच्या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर. मामांनी विडी सोडली. मामींना काम सोडता येत नाही.

रात्री ८.००
सिस्टरांचा फोन वाजतो. "कणकण वाटतीया."
"किती?"
"नव्व्याण्णव पॉइंट आठ."
"वाटणारच, मामा. औषध लागू पडतंय. पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या. १०१ च्या वर चढला, नाहीतर उद्याही उतरला नाही, तर सरळ निघून या."
हा ताप त्याच प्रथिनांचा असतो.

आजचा तिसरा डोस. तीन उरलेत. मग पुन्हा दुर्बिणीची तपासणी. खाड्यापायी डोस चुकले तर गाठ परत येण्याचा धोका वाढतो. ती स्नायूत उतरली तर हे औषध पुरत नाही, बहुतेकदा मूत्राशयच काढावं लागतं. म्हणून लघवीतून एकदा जरी रक्त गेलं, दुखत नसलं तरी, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.