मुरण्याचा हक्क

नॉर्मंडीतली काल्वादोस ही ओकच्या पिंपात मुरलेली सफरचंदाची ब्रँडी. तिचा आस्वाद घ्यायला बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता पेला लागतो. त्यात दोन चमचे ब्रँडी पुरते आणि पहिले काम नाकाचे असते. पेला हनुवटीपासून सावकाश वर आणावा. एकदम नाकाशी नेला तर अल्कोहोल झोंबते आणि बाकी काही कळत नाही. दोन-तीन वर्षांच्या ब्रँडीला हिरव्या सफरचंदाचा ताजा, तिखट वास येतो. दहा-पंधरा वर्षे मुरलेलीत भाजलेले सफरचंद, व्हॅनिला आणि लवंग जाणवते. व्हॅनिलाचा गंध लाकडातल्या लिग्निनच्या विघटनातून येतो. लवंगेला तिचा गंध देणारे युजेनॉल ओकमध्येही असते. पाण्याचे चार थेंब घातले की दडलेले वास वर येतात. एवढे बारकावे टिपणारी रसिकता फ्रेंचांच्या रक्तातच आहे, असे आपण सहज मानतो. माझे म्हणणे वेगळे आहे. रसिकता घडायला आधी पेय मुरावे लागते, आणि पेय मुरायला कायद्याने उसंत द्यावी लागते. याचा पुरावा पनवेल-उरणच्या इतिहासात आहे.

नॉर्मंडीत सफरचंदाच्या आसवापासून दारू गाळल्याची नोंद गिल द गुबेरव्हिल या जमीनदाराच्या रोजनिशीत 1553 साली सापडते. पुढे फ्रेंच शेतकऱ्याला स्वतःच्या बागेतल्या फळांची दारू गाळण्याचा हक्क मिळाला आणि ठरावीक मर्यादेपर्यंत तिच्यावर करही नव्हता. हा करमाफीचा हक्क वारशाने मिळणे 1960 साली बंद झाले, तोवर पिढ्यान्पिढ्यांचे ज्ञान साठले होते. 1942 साली पेई दोज या भागाच्या काल्वादोसला भौगोलिक नावाचे संरक्षण मिळाले. तिथे तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळणे आणि किमान दोन वर्षे ओकमध्ये मुरवणे बंधनकारक आहे. दहा वर्षे पिंप झाकून ठेवणारा माणूस दहा वर्षांनंतरही ते पिंप आपलेच राहील, या भरवशावर जगतो.

आता पनवेलकडे पाहू. एकोणिसाव्या शतकात शेजारचे उरण मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते. पारशी मालकांच्या या भट्ट्यांना पंचमहालातून मोहफुले येत आणि तयार दारू मुंबईला जाई. कर्नाळ्याच्या परिसरातले कातकरी आणि ठाकर चैत्राच्या सुमारास पहाटे गळलेली फुले वेचून वाळवत. सुक्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, म्हणून ते खाण्यालाही येई आणि गाळण्यालाही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याची मक्तेदारी परवानाधारकांच्या हाती एकवटली. त्यानंतर 1892 च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच निर्बंध घातले. पनवेल तोवर कुलाब्यात आले होते. ज्याच्या घरी फुले सापडणे हाच गुन्हा, तो पिंप कशाला भरेल? तो रात्री गाळणार, लगेच विकणार आणि भांडी पुरून टाकणार. ज्या उग्रपणासाठी हातभट्टीला नावे ठेवतात, त्याचे एक मोठे कारण ही घाई आहे.

मोहाची दारू आपल्याकडे लाकडात कधी मुरवतच नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. पण सफरचंदाची दारूही सुरुवातीपासून मुरलेली नव्हती. मुरवण्याची रीत सावकाश रुजली आणि नियमांत तर ती फार उशिरा बांधली गेली. लाकूडकामाची उणीव म्हणावी, तर बैलगाडीची चाके घडवणे हा पनवेलचा नामांकित धंदा होता. दुसरा आक्षेप हवेचा. उष्ण हवेत पिंपातले पेय भराभर उडते, हे खरेच. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के घट होते, तर बंगळुरात ती दहा टक्क्यांच्या पुढे जाते. तरीही तिथल्या अमृत कंपनीची सिंगल माल्ट 2004 साली ग्लासगोत विक्रीला आली आणि जाणकारांनी तिला दाद दिली. उष्णतेने माल घटतो, पण लाकडाचा गुण लवकर उतरतो. लोणच्याप्रमाणेच इथेही हवेचा अंदाज घेऊन मुरण्याची मुदत ठरवावी लागते.

सर्वांत वजनदार आक्षेप नैतिक आहे. दारूने घरे उद्ध्वस्त होतात, 2015 साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, मग तिच्या रसिकतेची चर्चा कशाला? हे दुःख खरे आहे आणि दारू न पिण्याचा निर्णय आदराचाच आहे. पण मालवणीत माणसे मेली ती मिथेनॉलने, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या आणि कोणीही न तपासलेल्या मालाने. ज्या पेयावर गाळणाऱ्याचे नाव, गावाचे नाव आणि वर्ष असते, त्याचा जाब विचारता येतो. शिवाय दोन चमचे ब्रँडी अर्धा तास हुंगत बसण्याची सवय आणि नशेसाठी घटाघट पिणे यांचे जमत नाही.

शेजारच्या गोव्याने काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवून दिले आणि 2016 साली वारशाचे पेय म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 2022 साली काजूबोंडे आणि मोहफुले यांच्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्य’ असा दर्जा देण्याचे ठरवले. दर्जा बदलल्याने बाजारभाव बदलेल, पण फुले वेचणाऱ्याच्या हाती भट्टी येईलच असे नाही. त्यासाठी वाडीच्या पातळीवर छोट्या भट्टीचा परवाना, मिथेनॉलची सक्तीची तपासणी आणि वर्षानुवर्षे पिंपे ठेवता येतील असे मोहोरबंद कोठार हवे. मुरणाऱ्या मालावरचा कर तो विकला जाईल तेव्हाच घ्यावा, नाहीतर मुरवण्याची चैन पुन्हा फक्त भांडवलदारालाच परवडेल. एका कायद्याने जे ज्ञान खुंटले, ते वाढवायची जबाबदारीही कायद्यावरच येते, आणि त्या ज्ञानावर पहिला हक्क पहाटे मोहाखाली वाकणाऱ्यांचा आहे.