खोऱ्याखोऱ्यांतून (भाग ६) : बुधवार पेठ ते रोहिडखोरं

मागच्या भागात आपण मुठेच्या काठाने वर गेलो होतो. या वेळी घाट ओलांडायचा आहे. निघायचं मात्र मुद्दाम बुधवार पेठेतून.

बुधवार पेठ म्हटलं की दगडूशेठ, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं आणि तपकीर गल्लीतल्या वायरी आठवतात. ही पेठ वसली ती एका लष्करी मुक्कामातून. १७०३ च्या उन्हाळ्यात औरंगजेबाने सिंहगड घेतला आणि पावसाळा काढायला पुण्यात तळ ठोकला. त्या मुक्कामात त्याचा एक नातू वारला, त्याच्या नावावरून इथे ‘मुहियाबाद’ वसलं. पुढे त्याचीच बुधवार पेठ झाली. पाऊस सरल्यावर फौज हलली ती राजगडाकडे, आणि १७०४ च्या फेब्रुवारीत गड पडला. ज्या मुलखावर चालून जाण्यासाठी ही छावणी थांबली होती, तिकडेच आपण निघालोय. हत्तींऐवजी हॅचबॅक, एवढाच फरक.

रविवारी सहाच्या आत निघालात तर शिवाजी रस्ता रस्त्यासारखा वाटतो. दगडूशेठसमोर हारवाले टोपल्या मांडत असतात, मंडई नुकती जागी होत असते. स्वारगेट, मग कात्रज. हायवेवरच्या नव्या बोगद्याने वेळ वाचतो, पण या सहलीला जुना घाटच हवा. घाटाच्या पायथ्याशी कात्रजचे तलाव लागतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथून जमिनीखालून बांधीव नळ काढून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी नेलं. बुधवारात सकाळी भरलेल्या घागरीतलं पाणी इथलं असायचं.

घाट चढून जुन्या बोगद्याच्या तोंडाशी आलं की गाडी कडेला घ्या. सिंहगडाकडून पूर्वेला दिवे घाटाकडे जाणारी ही डोंगररांग म्हणजे पाण्याची सरहद्द. अलीकडे पडलेला पाऊस ओढ्यांतून मुठेला जातो, पलीकडे पडलेला शिवगंगेतून गुंजवणीला आणि तिथून नीरेला. एकाच सरीचे दोन थेंब इथे फारकत घेतात. पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयातून खाली येते, आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूरला नीरा तिच्यात उतरते. बोगद्यापाशी दुरावलेलं पाणी तिथे पुन्हा एक होऊन पंढरपूरकडे जातं. संगमावरचा नरसिंह कित्येक घरांचं कुलदैवत आहे. त्या घरांतल्या किती जणांना या बोगद्याचा संबंध ठाऊक असेल, देव जाणे.

शिंदेवाडीला उतरलं की शिवगंगेचं खोरं सुरू होतं. खेड-शिवापूरचा टोल भरून पुढे नसरापूरला वळा आणि बनेश्वरला थांबा. १७४९ चं, नानासाहेबांच्या वेळचं हे देऊळ झाडीत लपलेलं आहे. बहुतेक लोक मागचा धबधबा पाहून परततात. तुम्ही घंटेखाली उभं राहून मान वर करा. घंटेवर क्रूस कोरलाय आणि १६८३ हा आकडा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या, त्यांतलीच ही एक. फिरंगी धातूचा नाद अडीचशेहून अधिक वर्षं महादेवाला जागवतोय आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही, हे मला फार आवडतं.

कापूरहोळला हायवे सोडायचा. संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ गाडे इथलीच. उजवीकडच्या भोर रस्त्याला लागलं की मुलूख बदलतो. श्रावणात आलात तर दोन्ही अंगांना भाताची खाचरं, लावणी आटोपलेली, बांधावर बगळे.

आता या लेखमालेचा मूळ मुद्दा. सह्याद्रीच्या कण्यातून पूर्वेकडे डोंगराचे फाटे निघतात आणि दर दोन फाट्यांमधून एक नदी वाहते. प्रत्येक खोरं तीन बाजूंनी बंद, उतार पूर्वेला, पाठीशी कोकणात उतरणाऱ्या अवघड वाटा. पावसाळ्यात शेजारच्या खोऱ्यात जाणंसुद्धा मुश्कील. त्यामुळे कारभारही खोऱ्यांनीच वाटला गेला: कानदखोरं, मोसेखोरं, गुंजणमावळ, वेळवंडखोरं, हिरडस मावळ, रोहिडखोरं. प्रत्येकाचा देशमुख वेगळा, वतन वेगळं, भांडणंही वेगळी. विजापूरच्या दरबाराला इथला सारा हवा असेल तर देशमुखाला धरून चालावं लागे. शिवाजी महाराजांनी हा प्रदेश जोडला तो खोऱ्याखोऱ्याने, माणूस माणूस वळवून.

त्याचा रोकडा पुरावा रोहिडखोऱ्यात मिळतो. १६ जून १६५९ रोजी विजापूरहून कारीच्या कान्होजी जेध्यांना फर्मान आलं: अफजलखानाला सामील व्हा. त्याच खोऱ्यातले उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. देशमुखीवरून जेधे-खोपड्यांचं वैर जुनंच होतं. कान्होजी मात्र मुलांना घेऊन राजगडावर गेले, फर्मान महाराजांपुढे ठेवलं आणि वतनावर पाणी सोडलं. कारी आणि उत्रवळी दोन्ही गावं आजही आहेत, आणि एका दिवसात दोन्हीकडे सहज जाऊन येता येतं.

भोरच्या अलीकडे भाटघर धरण दिसतं. वेळवंडी नदीवरचा जुना बांध एकोणिसाव्या शतकातला. त्याच्या जागी आलेलं मोठं लॉइड धरण १९२७-२८ च्या सुमाराचं. जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पोटातलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. इथलं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणच्या उसाला जातं. काठावरच्या वाड्यांत मात्र एप्रिल-मे म्हणजे धरण उशाला नि कोरड घशाला. जलाशयाचे फोटो काढताना एवढं ध्यानात असू द्या.

भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव. राजाराम महाराजांच्या काळातल्या शंकराजी नारायणांपासून सुरू झालेलं हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. राजवाड्यात चित्रपटांचं चित्रीकरण बारमाही चालतं, त्यामुळे आत सोडतीलच असं नाही. मग वेळ न दवडता आंबवड्याला जा. संस्थानकाळातला झुलता पूल, पलीकडे नागेश्वराचं शांत देऊळ. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या याच गावात आहेत. अफजलखानाच्या भेटीत प्रतापगडच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा आणि जहागिरी ओवाळून टाकणारा देशमुख एकाच गावच्या मातीत आहेत. माझ्या मते या सहलीतली ही सर्वांत मोलाची जागा, आणि सर्वांत कमी गर्दीचीही.

पुढे कारीचा रस्ता अरुंद आहे. समोरून ऊस किंवा कडब्याचा ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायची तयारी ठेवा. उत्साहाच्या भरात वरंध घाटाकडे वळू नका. पावसाळ्यात दरडींमुळे तो वाहतुकीला बरेचदा बंद ठेवतात. परतताना भोरच्या बाजारात इंद्रायणी तांदूळ मिळतो, तो घ्या, आणि चारच्या आत निघा. रविवारी संध्याकाळी खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग लागते.

पुढच्या आठवड्यात वेळवंडखोरं.