पंचवीस डिसेंबर, कामाचा दिवस

डिसेंबर संपत आला की दिघीच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. आगरदांड्याहून फेरीबोट येते, मुंबई-पुण्याच्या गाड्या उतरवते आणि तितक्याच पोटात घेऊन परत फिरते. कुणाला दिवेआगरला जायचं असतं, कुणाला श्रीवर्धन-हरिहरेश्वरला. राजपुरी खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा असतो, या बाजूला बंदरातली मालवाहू जहाजं. ही गर्दी नाताळची, असं धक्क्यावरचा कुणीही सांगेल. रांगेतल्या शंभरांपैकी नव्वदांचा नाताळशी संबंध सुट्टीपुरताच असतो, हा भाग वेगळा.

दिघी हे कोणत्याही मिशनचं ठाणं नव्हतं. दिघी, राजपुरी, मुरुड हा सगळा जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख, तिथे परक्या धर्मोपदेशकाला पाय रोवायला आधार नव्हता. त्यामुळे किनाऱ्यावरची मिशनची वस्ती या खाडीच्या वर आणि खाली झाली. उत्तरेला कुंडलिकेच्या मुखाशी पोर्तुगीजांचं चौल आणि कोर्लई, दक्षिणेला सावित्रीच्या मुखाशी इंग्रजांचं बाणकोट, त्याच्याही खाली हर्णै. मुंबईहून बाणकोटला जाणारा प्रत्येक पडाव दिघीच्या समोरून जायचा. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर किनारा सोडायचा आणि दुपारी वारा फिरला की त्याच्या कलानं पुढे सरकायचं. १८२३ ते १८२९ या वर्षांत अशा पडावांतून स्कॉटलंडचे काही तरुण पाद्री या वाटेनं गेले. सगळे विशी-तिशीतले, काहींबरोबर बायका, पुस्तकांच्या पेट्या, आणि मराठीचा जवळजवळ एकही शब्द नाही.

परदेशातल्या तरुण मिशनऱ्याचा नाताळ म्हटला की एक ठरीव चित्र समोर येतं. उकाड्यात बसलेला एकटा मुलगा, त्याला आठवणारं बर्फ, घरची मेजवानी, आईचं पत्र. हे चित्र घेऊन मी बाणकोट-हर्णैच्या मंडळींकडे गेलो, तर ते कुठेच बसेना. कारण साधं होतं. हे लोक नाताळ पाळतच नसत.

स्कॉटलंडमध्ये १५६० साली धर्मसुधारणा झाली. बायबलमध्ये ज्याची आज्ञा नाही तो सण पाळायचा नाही, असं तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चनं ठरवलं. ख्रिस्ताचा जन्म बायबलमध्ये आहे, पण २५ डिसेंबर नाही. मग नाताळ ही रोमची पोपशाही भानगड ठरली. १६४० मध्ये तिथल्या संसदेनं नाताळची सुट्टीच कायद्यानं रद्द केली. पुढे कायदे उलटसुलट झाले, पण लोकांची सवय मोडली ती मोडलीच. एकोणिसाव्या शतकात एडिंबरोचा कारागीर २५ डिसेंबरला रोजच्यासारखा कामावर जात होता. खाणंपिणं, पाहुणे, मध्यरात्रीनंतर शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर पहिलं पाऊल टाकणं, हे सगळं ३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी राखलेलं असे. त्यांच्या वर्षातला खरा पवित्र दिवस रविवार. तो मात्र इतका कडक की त्या दिवशी शिट्टी वाजवणंही शोभत नसे.

मुंबईत यांच्या आधी आलेल्या अमेरिकनांची गतही वेगळी नव्हती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. दोघेही न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले. त्या भागातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता, आणि तिथे नाताळला कायदेशीर सुट्टी मिळाली ती थेट १८५६ मध्ये. महाराष्ट्रात प्रोटेस्टंट धर्मप्रचाराचा पाया घालणाऱ्या या दोन्ही तुकड्या नाताळविना वाढलेल्या होत्या. आपल्याकडे ‘ख्रिश्चनांचा मोठा सण’ म्हणून जो दिवस ओळखला जातो, तो मराठी मुलखाच्या या पहिल्या प्रोटेस्टंट गुरूंच्या पंचांगातच नव्हता. मला हा या इतिहासातला सगळ्यात रंजक भाग वाटतो, आणि तो बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकला जातो किंवा सुटूनच जातो.

या स्कॉटिश पाद्र्यांपैकी पहिला आला डोनाल्ड मिचेल. पाद्र्याचाच मुलगा, आधी कंपनीच्या फौजेत अधिकारी होता. स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या वतीनं तो १८२३ मध्ये आला. पुण्याकडे जायची इच्छा होती, पण पेशवाई बुडून पाच वर्षंच झालेली. देशावर धर्मप्रचारानं नवी कटकट उभी राहू नये, अशी मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सरकारची सावध भूमिका होती. बाणकोट मात्र १७५६ पासून इंग्रजांकडे होतं, किल्ल्याचं नावही त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया करून टाकलेलं. दक्षिण कोकणचा कारभार १८२२ मध्ये बाणकोटहून रत्नागिरीला गेला आणि साहेब लोकांनी सोडलेल्या त्या गावात दुसऱ्या वर्षी मिशन आलं. मिचेलला पहिला डिसेंबरही लाभला नाही. आला त्याच वर्षी तो वारला.

त्याच्या मागून जॉन कूपर, जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड आणि जॉन स्टीव्हन्सन आले. त्यांनी बाणकोट आणि हर्णैच्या आसपास मराठी शाळा काढल्या. शाळेतले शिक्षक गावचेच पंतोजी, बहुतेक ब्राह्मण. पुस्तक मिशनचं आणि पगारही मिशनचा. मुलं मोडी-बाळबोध आणि हिशेब शिकायला येत. येशूचं चरित्र ओघानं कानावर पडे. या सौद्यात कोण कुणाला वापरत होतं, याचं उत्तर त्या काळच्या मिशन-अहवालांतून मिळत नाही. तिथे प्रत्येक पटसंख्या विजयासारखी लिहिलेली असते. आपल्याकडच्या देवांबद्दल या मंडळींनी जे लिहिलं ते आज वाचवत नाही. त्यावर सारवासारव करण्याचं कारण नाही. पण याच तुकडीतल्या स्टीव्हन्सननं १८३३ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८४२ मध्ये सामवेदाचं इंग्रजी भाषांतर केलं, हेही खरं.

याच मिशनचा रॉबर्ट नेस्बिट १८२७च्या सप्टेंबरात मुंबईला उतरला. नॉर्दम्बरलंडमध्ये १८०३ साली जन्मलेला, सेंट अँड्रूज विद्यापीठात शिकलेला, म्हणजे तेव्हा चोविशीतला. कोकणातल्या पहिल्या हिवाळ्यात त्याच्यापुढे एकच काम होतं, ते म्हणजे भाषा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश यायला अजून चार वर्षं होती. हाताशी केरीचं व्याकरण आणि शब्दसंग्रह, व्हान्स केनेडीचा १८२४चा कोश, आणि समोर बसलेले शास्त्रीबुवा. त्या वर्षी २५ डिसेंबरला मंगळवार होता. प्रेस्बिटेरियन शिस्तीत हा दिवस इतर मंगळवारांसारखाच. या अशा मंगळवारांचं फळ म्हणजे नेस्बिटची मराठी. त्याचं बोलणं पडद्याआडून ऐकलं तर बोलणारा गोरा आहे हे कळत नसे, अशी त्याची ख्याती पुढे झाली. ब्राह्मण तरुण नारायण शेषाद्रींना १८४३ मध्ये बाप्तिस्मा दिला तो नेस्बिटनं. बाबा पदमनजी त्याचे विद्यार्थी, आणि पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली. नेस्बिट स्वतः १८५५ च्या जुलैत पटकीनं गेला. गॉर्डन हॉलही १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला पटकीनंच गेला होता.

स्कॉटिश पाद्री जॉन विल्सनची गोष्ट आणखी वेगळी. १८२८च्या उन्हाळ्याअखेर लग्न करून तो आणि मार्गारेट निघाले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून १८२९च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. म्हणजे ११ डिसेंबरचा चोविसावा वाढदिवस आणि दोन आठवड्यांनी आलेली २५ तारीख, दोन्ही प्रवासातच गेली. मग ते हर्णै-बाणकोटला मराठी शिकायला आले. मार्गारेटही शिकली, आणि नुसती ओझरती नाही. वर्षअखेर दोघं मुंबईला गेले, तिथे तिनं मुलींच्या शाळा काढल्या. १८३५च्या एप्रिलात ती वारली. विल्सननं तिचं चरित्र १८३८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात धर्मनिष्ठेचं वजन इतकं आहे की त्याखाली कोकणातली तरुण बाई शोधावी लागते.

मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीला मराठी भाषेवरचं दीर्घ टिपण विल्सनचं आहे. त्यानं १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणही लिहिलं. ते कुणासाठी? बेने इस्रायली यहुद्यांसाठी. हा समाज याच किनाऱ्यावरचा. दिवेआगरचे ते दिवेकर, राजपुरीचे ते राजपूरकर. हिब्रू शिकतील, जुना करार मुळातून वाचतील आणि मग नव्या कराराकडे वळतील, असा मिशनचा हिशेब होता. शेवटी घडलं ते उलटंच. हिब्रू आलं, तसा या लोकांचा स्वतःचा यहुदी धर्म पक्का झाला. दिघीच्या समोरच्या गावाचं नाव लावणाऱ्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी (१८३४–१९०५) पुढे हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मिशनच्या इतक्या खटाटोपाचं इतकं चांगलं आणि इतकं अनपेक्षित फळ दुसरं दाखवता येणार नाही.

मग या किनाऱ्यावर नाताळ पाळत होतं कोण? त्यासाठी फेरीनं खाडी ओलांडायची आणि मुरुड, काशीद मागे टाकून कोर्लईला जायचं. चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज निघून गेले. पण कोर्लईच्या डोंगराखाली राहिलेल्या ख्रिस्ती वस्तीनं सण सोडला नाही आणि भाषाही सोडली नाही. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली त्यांची बोली आज हजारेक लोक बोलतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञानं तिच्यावर १९९६ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. मिशनरी जाऊन अडीचशेहून अधिक वर्षं झाली, नाताळ राहिला. बाणकोटला नेमकं याच्या उलट झालं. १८३०च्या दशकात मिशन पुण्या-मुंबईकडे हललं, आणि मागे ना सण राहिला ना सण पाळणारी वस्ती.

कॅथलिक मिशनऱ्यांचे नाताळ आधीच्या शतकांत याच पाण्यावरून गेले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ला गोव्यात उतरला, तेव्हा तिशीत होता. सतरा दिवसांनी त्यानं वडिलांना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं, आणि त्यात प्रवासाचं, माशांचं, वाऱ्यांचं वर्णन आहे. परत तो कधीच गेला नाही. जवळजवळ चाळीस नाताळ त्यानं गोव्यात काढले. ख्रिस्तजन्माची कथा ओव्यांतून सांगणारं त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं. त्याच १५७९च्या नोव्हेंबरात रुडॉल्फो अक्वाव्हिवा हा एकोणतीस वर्षांचा इटालियन जेझुइट अकबराच्या बोलावण्यावरून गोव्याहून निघाला. दमणपर्यंतचा प्रवास समुद्रातून, म्हणजे जंजिऱ्यावरूनच. फतेपूर सिक्रीला पोचायला २८ फेब्रुवारी १५८० उजाडला; नाताळ वाटेतच गेला. तीन वर्षांनी गोव्यातल्या कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी त्याला मारलं. देवळं पाडल्याचा राग होता, आणि तो राग समजण्यासारखा होता.

या किनाऱ्याकडून बाहेर गेलेला मिशनरीही आहे. गोन्सालो गार्सिया वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. पंधराव्या वर्षी जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा अस्खलित शिकला. जेझुइटांनी संघात घेतलं नाही म्हणून व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाषा म्हणून १५९३ मध्ये पुन्हा जपानला पोचला. ८ डिसेंबर १५९६ला जपानचा सत्ताधीश हिदेयोशीच्या हुकमानं त्याच्या मठावर पहारा बसला. तो नाताळ पहाऱ्यात गेला. ३ जानेवारीला क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापल्या, मग भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ला सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये रोमनं त्याला संत ठरवलं. वसईचं कॉलेज त्याच्याच नावाचं. चाळिशीचा माणूस होता तो तेव्हा, पण घर सोडून पंचवीस वर्षं झाली होती.

आणि एक धनजीभाई नौरोजी. जन्मानं पारशी, १८३९ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेला. त्यावरून कोर्टापर्यंत प्रकरण गेलं होतं. १८४३ मध्ये विल्सन त्याला घेऊन इजिप्त-पॅलेस्टाइनमार्गे स्कॉटलंडला गेला. एकविशीतला हा मुलगा ख्रिस्ती राष्ट्रात पोचला आणि पाद्री होण्यासाठी एडिंबरोत शिकू लागला. त्या वर्षी १९ डिसेंबरला लंडनमध्ये डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ बाहेर पडली आणि हातोहात खपली. २५ तारखेला सोमवार होता. एडिंबरोच्या दुकानांना त्या दिवशी सुट्टी नव्हती. स्कॉटलंडमध्ये ती मिळाली १९५८ मध्ये; विल्सनचं नाव लावणाऱ्या मुंबईच्या कॉलेजातली मुलं तोवर कित्येक पिढ्या नाताळच्या सुट्टीत घरी जात होती.