घरी बर्न केलेली डीव्हीडी काही प्लेअरवर का चालत नाही?

अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत अनेक घरांत लग्नमुंजींचे चित्रण बर्न केलेल्या डीव्हीडींवर जपलेले असते. संगणकावर चालणारी अशी तबकडी टीव्हीच्या प्लेअरवर अडल्यास, ती ‘फायनलाइज’ झाली आहे का, म्हणजे तिच्यावरील मजकुराची अनुक्रमणिका लिहून लेखन कायमचे बंद केले आहे का, हे प्रथम तपासावे. चित्रण नुसती फाइल म्हणून उतरवले असल्यास जुने प्लेअर ते ओळखत नाहीत, कारण त्यांना ‘व्हिडिओ_टीएस’ या फोल्डरातील ठरावीक रचनाच वाचता येते. बर्न केलेल्या तबकडीतील रंगद्रव्याचा थर कारखान्यात छापलेल्या तबकडीपेक्षा सहसा कमी प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे धूळ बसलेल्या भिंगाला ती वाचणे जड जाते. तबकडी मध्यापासून कडेकडे मऊ कापडाने पुसावी, वाचता येताच मध्यम वेगाने नवी प्रत काढावी आणि मुंबईची दमट हवा लक्षात घेऊन हार्ड डिस्कवरही एक प्रत अवश्य ठेवावी.